सात वायरी, आठवा माइक

वायरी जोडून झाल्या, बोर्डाचं बटण खाली केलं, हेडफोन कानाला लावले, की पहिला सूर ऐकू येतो तो कुणाच्याच बोटांतून आलेला नसतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, त्या हेलकाव्याचा तो सूर. पांढरी पाचचा सा अगदी तळाच्या सप्तकात नेला तर जिथे पोचेल, त्याहून जेमतेम श्रुतीभर चढा. साउंडवाले त्याला ‘हम’ म्हणतात. प्रत्येक यंत्राचा प्लग वेगळा, त्यामुळे जमिनीकडे जाणारी वाटही वेगळी. त्यात आवाजाच्या वायरींनी ती सगळी यंत्रं एकमेकांत बांधलेली. त्या वाटांचं वेटोळं तयार होतं आणि वीज त्यात फिरत गुणगुणत राहते. एकच कीबोर्ड असेल तर हे फारसं जाणवत नाही. चार आले की जाणवतं.

हम घालवायला वेळ लागतो. सगळे प्लग एकाच बोर्डावर आणायचे, एकेक जॅक काढून ऐकायचं, ज्या जागी तो तुटतो तिथे डीआय बॉक्स घालायचा. त्याच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर आवाज पुढे जाऊ देतो आणि जमिनीचा संबंध तोडतो. मला हा वेळ प्रिय आहे. चार माणसं गप्प बसून एकाच बारीक गोष्टीकडे कान लावतात अशी दिवसातली ही पहिली वेळ असते, आणि पुढे जे वाजणार आहे त्यासाठी हीच सवय लागणार असते.

आम्ही चौघं चार कीबोर्ड एकत्र वाजवतो, आणि आमची यंत्रं जुनी आहेत. यामाहाचा डीएक्स-७ १९८३ चा, रोलँडचा ज्युनो-१०६ १९८४ चा, त्याच कंपनीचा डी-५० १९८७ चा आणि कॉर्गचा एम-१ १९८८ चा. ऑर्केस्ट्रात वाढलेल्या माणसाला एवढी नावं पुरतात. ज्यांनी ही नावं कधी ऐकली नाहीत त्यांनीही यांचे टोन ऐकलेले असतात, कारण ऐंशी-नव्वदच्या दशकांतली गाणी या आवाजांनी भरलेली आहेत. प्रत्येकाची जात वेगळी. डीएक्स-७ मध्ये सहा ऑपरेटर, म्हणजे साधी लहर काढणारे सहा घटक, एकमेकांना हलवून काचेचा, घंटेचा आवाज काढतात. त्यामागचं तत्त्व स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाऊनिंग यांना सापडलं. डी-५० स्वराच्या तोंडाशी खऱ्या आवाजाचा एक छोटा तुकडा ठेवतो, एखादी फुंकर किंवा एखादा आघात, आणि पुढचा लांब स्वर स्वतः घडवतो. एम-१ मध्ये पियानोपासून बासापर्यंत सगळं आधीच मुद्रित करून ठेवलेलं. आणि ज्युनो. तो एका वेळी सहाच स्वर वाजवतो आणि बोटाचा जोर त्याला कळत नाही. पट्टी हलकेच दाबा किंवा जोराने दाबा, आवाज तेवढाच येतो. ही उणीव म्हणून सांगत नाही. या लेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट त्यातूनच निघाली आहे.

डीएक्स-७ ला आवाजाची एकच वाट आहे, बाकी तिघांच्या डावी-उजवी अशा दोन-दोन वाटा आम्ही वापरतो. म्हणजे सात वायरी. आवाज संगणकात नेणाऱ्या आमच्या ऑडिओ इंटरफेसला आठ इनपुट आहेत. आठव्यात मी खोलीचा माइक लावतो. कीबोर्डचं रेकॉर्डिंग असताना माइक कशाला, असं पहिल्यांदा सगळ्यांनी विचारलं. त्यात पट्ट्यांची खटखट येते, खुर्ची करकरते, खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला येतो. तरी मी तो काढत नाही.

आवाजाच्या या वायरींशिवाय प्रत्येक कीबोर्डमधून मिडीची एक वायर निघते. तिच्यातून आवाज जात नाही. कोणती पट्टी दाबली, केव्हा, किती जोराने, केव्हा सोडली, एवढीच बातमी जाते, सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने. एका स्वराच्या बातमीला साधारण एक मिलिसेकंद लागतो. चौघांना एकाच वायरीत कोंबलं तर भरगच्च कॉर्डच्या वेळी स्वर रांगेत उभे राहतात, म्हणून चौघांना चार वेगळ्या वाटा द्यायच्या. शिवाय डीएक्स-७ फक्त पहिल्या चॅनलवरच बोलतो, त्यामुळे त्याला स्वतःची वाट लागतेच. या वायरीतली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. ती जिथे पोचते तिथे आत एक बारीक दिवा असतो आणि त्याच्यासमोर उजेड ओळखणारा एक डोळा. बातमी विजेने येते, उजेड होऊन पलीकडे जाते आणि तिथे पुन्हा वीज होते. दोन यंत्रांमध्ये विजेचा संबंध येतच नाही, म्हणून या वाटेने हमही येत नाही.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ अशा एका वायरीने जोडले गेले. एकावर वाजवलं आणि दुसराही वाजला. एक कंपनी अमेरिकेची, दुसरी जपानची, बाजारात एकमेकींच्या स्पर्धक. तिकडून डेव्ह स्मिथ आणि इकडून इकुतारो काकेहाशी यांनी हा मेळ घडवून आणला आणि तो नियम सगळ्यांसाठी मोफत खुला ठेवला. २०१३ मध्ये दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. चाळीस वर्षांहून जुना ज्युनो आजच्या संगणकाशी बोलतो तो याच मोकळ्या मनामुळे, आणि वायर जोडताना मला त्या दोघांची आठवण होते.

ज्युनोवर काका बसतात. ते मुळात व्हायोलिनवाले. उमेदीच्या काळात त्यांनी सिनेमाच्या रेकॉर्डिंगांना व्हायोलिन वाजवलं, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये. त्या रेकॉर्डिंगांची गोष्ट ते सांगतात तेव्हा खोली मोठी होते. गायक, तबला, बासरी, ब्रास आणि व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा, सगळे एका वेळी. शेवटच्या ओळीत कुणी चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पुढ्यातल्या स्टँडवर लिहिलेला पार्ट. हे पार्ट लिहिण्याची शिस्त मुंबईला बरीचशी गोव्याने दिली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही माणसं स्टाफ नोटेशन घेऊन आली, आणि ज्या चाली हार्मोनियमवर जन्माला आल्या त्या पन्नास-साठ जणांना वाजवता येतील अशा कागदावर उतरल्या. पुढे अनिल मोहिले यांच्यासारख्या मराठी संयोजकांनीही तेच काम केलं. काका म्हणतात, कागदावर ‘हळू’ लिहिलेलं असायचं, पण किती हळू ते शेजारच्याच्या गजावरून कळायचं.

मग काम कमी होत गेलं. आधी केरसी लॉर्ड यांच्यासारख्या जाणत्या वादकाने १९७० च्या दशकात मिनिमूग आणला तेव्हा तो ताफ्यातला एक नवा रंग होता. नव्वदच्या दशकात मात्र कीबोर्डवरचा स्ट्रिंग्जचा एक टोन अख्ख्या रांगांच्या जागी बसला. काकांनी तेव्हा जुना ज्युनो विकत घेतला. घर चालवायचं होतं. ज्यांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं वाजवलं, त्यांचंच काम आपल्या दहा बोटांखाली आलं आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी कधी झाकून ठेवलं नाही. आज ते यंत्रही सॉफ्टवेअरच्या आत गेलं आहे. ज्युनोचा हुबेहूब टोन कुठल्याही लॅपटॉपवर मिळतो. तरीही आम्ही यंत्रं बाहेर काढतो, कारण चार माणसांना एकाच लॅपटॉपपुढे बसून एकमेकांचे हात पाहता येत नाहीत.

हात पाहणं हे इथे महत्त्वाचं आहे. ज्युनोला जोर कळत नाही, म्हणून काका उजव्या हाताने स्वर धरतात आणि डावा हात वर फिल्टरच्या पट्टीवर ठेवतात. ती सरकपट्टी पुढे-मागे केली की आवाज उघडतो किंवा मिटतो. व्हायोलिनवाल्याचा गजाचा हात काही स्वस्थ बसत नाही; तो त्या इवल्या पट्टीवर उतरला आहे. काका स्ट्रिंग्ज वाजवतात तेव्हा त्या स्वराला अंग येतं, तो फुगतो, मावळतो, एखाद्या जागी अडखळल्यासारखा थांबतो. ज्युनोच्या बांधणीत असं आहे की या पट्टीची प्रत्येक हालचालही मिडीतून आकडा होऊन बाहेर पडते. आवाजाची मुख्य पट्टी, व्हॉल्यूमची, तिची हालचाल तेवढी बाहेर पडत नाही. ती हलवलेली फक्त ऑडिओत ऐकू येते. म्हणून दोन्ही वाटा एकदम मुद्रित करायच्या. एक बोटांनी काय केलं ते सांगते, दुसरी कानांवर काय पडलं ते. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय काकांचा हात पूर्ण दिसत नाही.

मागच्या एका बैठकीत आम्ही वाजवत होतो ती आमचीच एक धून आहे, किरवाणीतली, रूपकाच्या सात मात्रांची. डी-५० वर ताई. त्या शाळेत गाणं शिकवतात. डी-५० चा फुंकर घातल्यासारखा एक टोन त्यांनी बासरीसाठी निवडला आहे, आणि डाव्या हाताने बेंडर, म्हणजे स्वर वाकवणारी दांडी, ढकलून त्या कोमल धैवतावरून पंचमावर मींड घेतात. एम-१ वर आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, बास आणि पियानोचे तुकडे सांभाळणारा. यंत्र त्याच्याहून वयाने मोठं आहे. डीएक्स-७ वर मी. मेट्रोनोमचा क्लिक बंद केला होता. संगणक क्लिक नसला तरी आपल्या १२० च्या गतीने पडद्यावर रेघा आखत राहतो, आणि आमच्या मात्रा त्या रेघांवर कुठेच बसत नाहीत. त्या बसवायचं बटण सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी ते दाबत नाही. अंतऱ्यात आमची लय जराशी वर चढते आणि मुखड्याला परतताना ती आपण होऊन खाली बसते. कुणी ठरवलेलं नाही, पण दर वेळी चौघं मिळून चढतात आणि मिळूनच उतरतात.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी मिडीच्या चार ओळी पडद्यावर एकाखाली एक लावल्या. स्वरांच्या जोराला मिडीत १ ते १२७ असे आकडे मिळतात. ताईंची बासरी सुरू होते तिथे माझ्या डीएक्स-७ चे आकडे बघितले. तोवर नव्वदीच्या आसपास असलेली माझी बोटं त्यांच्या पहिल्याच स्वरानंतर साठीत उतरलेली होती. मी हे ठरवून केलं नव्हतं, वाजवताना मला कळलंही नव्हतं. मग मुलाची ओळ पाहिली. त्याचा बासही तिथेच मऊ झालेला. मग काकांची ओळ उघडली. त्यात जोराचे आकडे सगळे सारखे, जोर त्या यंत्राला कळतच नाही. पण फिल्टरच्या आकड्यांची रांग होती, ८८ वरून उतरत ६१ वर आलेली, आणि ती उतरण ताईंच्या मींडेच्या आधी सुरू झाली होती. आधी. मी पुन्हा पुन्हा वेळ ताडून पाहिली. बेंडर हलण्याच्या आधी काकांची पट्टी हलली होती.

मग माइकची ओळ ऐकली आणि उलगडा झाला. मींड घेण्याआधी ताई श्वास घेतात. बासरी कीबोर्डवर आहे, फुंकर यंत्रात आहे, तरी गाणाऱ्या बाईची छाती आपलं काम सोडत नाही. तो श्वास माइकमध्ये स्पष्ट आला होता. काकांनी तो ऐकला असेल, किंवा ताईंचा डावा हात बेंडरकडे जाताना पाहिला असेल, आणि गज आवरता घेतला. चार ओळींत चौघांचं ऐकणं असं आकड्यांत उतरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

जुन्या हॉलमध्ये वादक एकमेकांपासून लांब बसत. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या व्हायोलिनचा स्वर जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा पोचायचा. त्या भव्य आवाजातला थोडा पसारा हवेचा होता. आमच्या खोलीत हवा मधे येत नाही. कीबोर्डचा आवाज तारेने इंटरफेसमध्ये जातो आणि सॉफ्टवेअरपर्यंत न जाता तिथूनच हेडफोनमध्ये परततो. तेव्हा बास आणि स्ट्रिंग्ज यांच्यामध्ये जे बारीक अंतर पडद्यावर दिसतं ते जवळजवळ सगळं माणसांचं आहे. मुलगा समेवर कणभर मागे राहतो. ती त्याची बसण्याची जागा आहे, आणि त्याच्या त्या मागे असण्यावर काकांचे स्वर टेकलेले असतात.

आजकाल बहुतेक काम वेगळ्या पद्धतीने होतं आणि त्यात चूक काही नाही. एकाने आपला ट्रॅक वाजवायचा, तो दुसऱ्याकडे पाठवायचा, दुसऱ्याने तो ऐकत आपला भरायचा. गेल्या पावसाळ्यात मुलगा पुण्याला होता तेव्हा याच धुनेचा एक टेक आम्ही तसा केला. आम्ही तिघांनी वाजवलं, त्याने तिकडे बसून बास आणि पियानो भरून पाठवला. वाजवलं उत्तम होतं, आमच्यापेक्षा नेमकं. दुसऱ्या आवर्तनात त्याने उजव्या हाताने एक छान लकेर टाकली होती. ती लकेर एकत्र वाजवताना आली असती तर मी कॉर्ड सोडून दिली असती, तिला जागा करून दिली असती. इथे माझी कॉर्ड तिच्यावर बसली होती, जशीच्या तशी, कारण मी ती वाजवली तेव्हा लकेर जन्मालाच आली नव्हती. तो आम्हाला ऐकत होता. आम्ही त्याला ऐकू शकत नव्हतो. त्याचे आकडे आमच्या मागे वाकलेले दिसतात. आमचे आकडे त्याच्यासाठी कुठेच वाकत नाहीत.

कागदावरचा पार्ट, भातखंड्यांची स्वरलिपी, मिडी, ही सगळी मला एकाच घरची वाटतात. स्वर कोणता आणि केव्हा, हे तिघांनाही लिहिता येतं. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत चिजा लिहून ठेवल्या नसत्या तर त्यातल्या किती आपल्यापर्यंत आल्या असत्या? लिहिण्याचं महत्त्व मी कधीच कमी मानणार नाही. मिडीने तर त्यात बोटाचा जोर आणि मींडेचा बाकही लिहिला. त्या बाकासाठी त्यात १६,३८४ पायऱ्यांची सोय आहे. फक्त मिडीला अशी एक गोष्ट जमते जी कागदाला जमत नाही: लिहिलेलं पुन्हा त्याच वाद्याकडे पाठवता येतं आणि वाद्य ते वाजवतं.

आम्ही तेही केलं. पुढच्या बैठकीत त्या टेकची मिडी चारही यंत्रांकडे परत सोडली. पट्ट्या हलत नाहीत, सरकपट्ट्याही हलत नाहीत. नुसता आवाज येतो, आतून. ज्युनोचा कोरस, म्हणजे स्वर दाट करणारा परिणाम, आपल्याच लाटेवर चालतो, त्याला आमच्या टेकची सुरुवात ठाऊक नसते, त्यामुळे तेच स्वर वेगळ्या ठिकाणी उजळले आणि वेगळ्या ठिकाणी मावळले. ८८ वरून ६१ ची उतरण बरोबर आली. ताई कौतुकाने आपल्या रिकाम्या कीबोर्डकडे बघत होत्या. काका उठून ज्युनोपाशी गेले, हात मागे बांधून उभे राहिले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

“वाजवलंय मीच रे,” ते म्हणाले, “पण आत्ता ताई मधेच थांबली असती, तर हे थांबलं नसतं.”

त्याच टेकमध्ये अंतऱ्याच्या शेवटी ताईंचा बेंडर किंचित उशिरा गेला आहे. त्यांना ते खटकतं. “मी घरी बसून तेवढा तुकडा वाजवून पाठवते,” असं त्यांनी दोनदा सांगितलं. तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, तेवढ्या जागी पंच करायचं, म्हणजे नवा तुकडा बसवायचा, आणि झालं. काकांनी विचारलं, “अगं, मग त्या तुकड्यात आम्ही कुणाला ऐकायचं?” ताई हसल्या आणि त्यांनी तारीख विचारली.

तेव्हा अंतरा पुन्हा चौघांनी घ्यायचा आहे, मुखड्यापासून, म्हणजे लय चढायला जागा मिळेल. त्याआधी डी-५० ची आतली बॅटरी बदलून घ्यायला हवी. ती गेली तर ताईंनी जुळवलेली बासरी पुसली जाईल, म्हणून टोन आधी संगणकात उतरवून ठेवणार आहे. डीएक्स-७ चे उतरवून झाले: ३२ टोन, ४,१०४ बाइट, सव्वा सेकंदाहून किंचित जास्त. माइक या वेळी ताईंच्या जरा जवळ सरकवणार आहे, आणि मुलाला सांगितलं आहे की ती पुण्याची लकेर विसरू नकोस, मी कॉर्ड सोडतो.